ऑक्सिमीटर आणि त्वचेचा रंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुम्ही आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंत, हे तिच्या ओळीओळीत दिसतं. म्हणून दोन वाक्यांत 'धन्यवाद' म्हणून मोकळं होण्याऐवजी नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. सावळ्या आणि गडद त्वचेच्या माणसांच्या बोटावर लावलेला पल्स ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन असतो त्याहून जास्त दाखवू शकतो, असं संशोधनातून पुढे आलं आहे आणि आपल्याकडे त्याची गंभीरपणे दखल घेतली पाहिजे, असं मी मूळ लेखात म्हटलं होतं. सरांचे आक्षेप तीन आहेत. एक, प्रकाशाला जातही नसते आणि वर्णही. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन नाडीबरोबर कमीजास्त होत नाही, त्यामुळे यंत्र दोन रंगांच्या प्रकाशाचं जे गुणोत्तर काढतं, त्यात ते आपोआप रद्द होतं. दोन, हे अमेरिकेतलं वर्णभेदाचं भांडण आहे, ते इथे आणू नये. तीन, कोविडमध्ये या छोट्या यंत्राने गावोगाव जीव वाचवले. असलं लिखाण वाचून आशाताई ते बाजूला ठेवतील. शेवटी तुम्ही तो परिच्छेद काढून टाकायला सांगितलं आहे.

पहिल्या आक्षेपात खरा जीव आहे, तेव्हा जास्त जागा त्यालाच देतो.

ऑक्सिमीटर दोन रंगांचा प्रकाश सोडतो: ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ९४० च्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजन धरून ठेवलेलं अवरक्त जास्त शोषतं. बोटात कातडी आहे, हाड आहे, स्नायू आहेत, शिरांमधलं रक्त आहे. हे सगळं प्रकाश अडवतं. पण हृदयाच्या ठोक्यागणिक बदलतं ते मुख्यतः धमन्यांमधलं रक्त. टोकियोच्या निहोन कोहदेन या कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रक्तात रंगद्रव्य सोडून हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता मोजायच्या प्रयत्नात होते. कानाच्या पाळीतून येणाऱ्या आलेखात नाडीच्या लाटा सतत लुडबुड करत. त्या पुसण्यासाठी त्यांनी दुसरी तरंगलांबी वापरली, आणि ऑक्सिजन घटला की हा हिशेब बिघडतो हे त्यांच्या लक्षात आलं. जी लुडबूड पुसायची होती, तीच मोजायची गोष्ट निघाली. १९७४मध्ये त्यांनी हे काम जगापुढे मांडलं. प्रत्येक रंगासाठी बदलणारा भाग भागिले स्थिर भाग, आणि मग त्या दोन भागाकारांचं गुणोत्तर. स्थिर अडथळे त्यात छेदले जातात. सर, तुमचा मुद्दा हाच आहे आणि कागदावर तो बिनचूक आहे.

पण आजचे ऑक्सिमीटर नुसत्या कागदावरच्या समीकरणावर चालत नाहीत. ऊतींमध्ये प्रकाश सरळ जात नाही, सैरावैरा विखुरतो, म्हणून प्रकाश किती शोषला गेला यावरून पदार्थाचं प्रमाण सांगणारा बीअर-लॅम्बर्टचा नियम जसाच्या तसा लावला तर उत्तर चुकतं. मग करतात काय, तर निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा श्वासातून देतात, त्यांची संपृक्तता, म्हणजे ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण, टप्प्याटप्प्याने ७० टक्क्यांपर्यंत खाली आणतात, प्रत्येक टप्प्यावर धमनीतलं रक्त काढून प्रयोगशाळेत तपासतात आणि यंत्राने मोजलेल्या गुणोत्तरासमोर तो खरा आकडा लिहितात. असा तक्ता तयार होतो, तो चिपमध्ये भरला जातो. आपल्या बोटावर उमटणारा '९६' हा त्या तक्त्यातला आकडा असतो. गुणोत्तर १ आलं की यंत्र साधारण ८५ दाखवतं, हेही कोणत्या नियमातून आलेलं नाही. त्या स्वयंसेवकांच्या रक्तातून आलेलं आहे.

मी उपकरणं कॅलिब्रेट करण्याच्या कामात वर्षानुवर्षं घालवली आहेत. आमच्या कामात पहिला प्रश्न एकच असतो: तुलना कशाशी केली? ऑक्सिमीटरच्या बाबतीत तो प्रश्न असा होतो की, तो तक्ता कोणाच्या बोटांवरून बनला? औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेच्या २०१३च्या मार्गदर्शनात किमान दहा स्वयंसेवक पुरेसे मानले होते, आणि त्यांत गडद त्वचेचे किमान दोघे किंवा एकूण १५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. दहातले दोघे! आणि गडद म्हणजे किती गडद, हे मोजायची ठरलेली रीत त्यात नव्हती.

आता मेलॅनिन पूर्णपणे रद्द का होत नाही, ते पाहू. एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो, ती एक अरुंद पट्टी असते. मेलॅनिन लहान तरंगलांबी जास्त शोषतं. म्हणजे गडद त्वचेतून आत जाणारा लाल प्रकाश किंचित लांब तरंगलांबीकडे सरकलेला असतो. आणि नेमक्या याच भागात ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनची शोषणक्षमता उतरणीला लागलेली असते. त्यामुळे लाल प्रकाश अपेक्षेपेक्षा कमी शोषला जातो, गुणोत्तर घटतं, आणि तक्ता वाचून यंत्र जास्त ऑक्सिजन सांगतं. दुसरं असं की पोहोचणारा प्रकाशच कमी, त्यामुळे संकेत अशक्त. त्यात रुग्णाचे हातपाय गार पडलेले असले तर गोंधळ आणखी वाढतो. संशोधक ज्या कारणांकडे बोट दाखवतात, त्यांतली ही प्रमुख आहेत.

तुम्हाला खगोलशास्त्राचीही आवड आहे हे तुमच्या आधीच्या प्रतिक्रियांवरून माहीत आहे, म्हणून खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रम्पलर यांची आठवण करून देतो. १९३०मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत ताऱ्यांच्या खुल्या गुच्छांचा अभ्यास करताना त्यांनी दाखवलं की ताऱ्यांमधल्या अवकाशात धूळ आहे, ती प्रकाश मंदावते आणि निळा भाग जास्त अडवून ताऱ्याला असतो त्याहून लालसर दाखवते. तारा तोच, प्रकाश तोच, मधे गाळणी आली. तेव्हापासून कोणताही खगोलशास्त्रज्ञ ही दुरुस्ती केल्याशिवाय ताऱ्याचा रंग किंवा अंतर सांगत नाही. मधल्या पदार्थाचा हिशेब मांडला म्हणून प्रकाशावर कोणी पक्षपाताचा आरोप केला, असं त्यांच्यापैकी कोणालाच वाटत नाही. मी त्वचेबद्दल नेमकं तेवढंच म्हणतोय.

पुरावाही आजचा नाही. जुब्रान आणि टोबिन या डॉक्टरांनी १९९०मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांमध्ये हा फरक नोंदवला होता. २००५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या बिकलर, फाइनर आणि सेव्हरिंगहाउस यांनी स्वयंसेवकांवर काटेकोर प्रयोग करून दाखवलं की ऑक्सिजन जसजसा खाली जातो तसतशी गडद त्वचेवरची चूक वाढते. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तिथेच. डिसेंबर २०२०मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या शोडिंग (Sjoding) आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. तीस वर्षं माहिती हाताशी असून ती वापरली गेली नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

दुसऱ्या आक्षेपातली एक गोष्ट मला मान्य आहे. मिशिगनच्या नोंदींत 'वंश' लिहिलेला होता, त्वचेचा रंग कोणी मोजलेला नव्हता. वंश म्हणजे रंग नव्हे. जानेवारी २०२५मध्ये एफडीएने नव्या मार्गदर्शनाचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात म्हणूनच चाचणीसाठी १५० किंवा अधिक माणसं सुचवली आहेत आणि त्वचेची छटा दहा पायऱ्यांच्या मंक मापपट्टीवर नोंदवायला सांगितलं आहे. पण यातून निष्कर्ष तुमच्या उलट निघतो. प्रश्न वंशाचा नसून रंगाचा असेल, तर तो अमेरिकेपेक्षा आपल्या जास्त जवळचा आहे. आपल्याकडे एकाच आईची दोन लेकरं त्या मापपट्टीवर दोन वेगळ्या पायऱ्यांवर बसतात. लग्नाच्या बायोडेटात गोरा, निमगोरा, गव्हाळ असा रंगाचा बारकावा लिहिणाऱ्या समाजाने, जिथे तो खरोखर उपयोगी आहे तिथे तो मोजू नये, हे मला पटत नाही. बाजारातल्या भाजीवाल्याचा काटासुद्धा वैधमापन खात्याकडून पडताळून, शिक्का मारून घ्यावा लागतो. ज्या आकड्यावर ऑक्सिजनची खाट मिळणार की नाही हे ठरतं, त्याबद्दल तेवढीच काळजी मागणं म्हणजे बाहेरचं भांडण आणणं नव्हे.

तिसरा आक्षेप. सप्टेंबर २०२०मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आशाताई आणि त्यांचे सहकारी हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी फिरले. धाप न लागता ऑक्सिजन घसरलेली माणसं त्या यंत्रामुळे सापडली. त्या कामाबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, आणि यंत्र बाजूला ठेवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण त्या काळात ९४ची रेघ होती: ९४ किंवा जास्त असेल तर सौम्य, ९० ते ९३ मध्यम, ९०च्या खाली गंभीर. आंतरराष्ट्रीय मानकानुसार या यंत्रांची चूक चारपर्यंत असली तरी चालते, आणि तीही अशी की तीनातले साधारण दोन आकडे त्या मर्यादेत येतील. म्हणजे त्वचेचा प्रश्न येण्याआधीच ९४ म्हणजे ९१ असू शकतो. त्यावर रंगामुळे एकाच दिशेने आणखी चूक चढली, तर रेघेच्या अलीकडे उभा दिसणारा माणूस प्रत्यक्षात पलीकडे गेलेला असतो. हे आशाताईंना कळलं तर त्या यंत्र टाकून देतील, असं मला वाटत नाही. रोज शेकडो बोटं पाहणाऱ्या बाईला आकडा आणि माणूस यांतला फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो.

जाता जाता एक गोष्ट, जी मूळ लेखात नव्हती. ऑक्सिमीटर टक्केवारी दाखवतो, हिमोग्लोबिन किती आहे ते दाखवत नाही. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईचा आकडा ९८ येऊ शकतो आणि तरी तिच्या रक्तात ऑक्सिजन जवळपास निम्माच असतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं आहे. आकडा चांगला आला म्हणून थकव्याची तक्रार उडवून लावली जाऊ नये, यासाठी हे सांगतोय.

तो परिच्छेद मी काढणार नाही, सर. मात्र तुमच्या काळजीला धरून त्याखाली आजच काही ओळी जोडतो आहे: बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा, गडद नेलपॉलिश पुसा, हात स्थिर ठेवून आकडा थांबेपर्यंत वाट पाहा, बरे असताना आपला नेहमीचा आकडा लिहून ठेवा आणि आजारपणात त्यापासून किती घसरण झाली ते पाहा, त्वचा गडद असेल आणि आकडा रेघेच्या जवळ असेल, तर रेघ ओलांडायची वाट पाहू नका, आणि आकडा काहीही असो, धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस असंबद्ध बोलत असेल, तर थेट दवाखाना गाठा. यात काही राहिलं असेल तर इथेच लिहा, तेही जोडेन.