एक टीएमसी कुठं मुरलं?

कालपासून सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या चहाच्या गाड्यावर मला 'चोवीस दिवसवाले सर' असं नाव पडलंय. आज सकाळी चहावाल्या पोरानं लांबूनच हाक मारली, "ओ चोवीस दिवस, कटिंग का फुल?" आणि तिथं बसलेली, मला आयुष्यात कधी न बघितलेली दोन माणसं पण हसली. मी अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेतो. जूनपासून युनिट कन्व्हर्जन शिकवून शिकवून घसा बसलाय, आणि इज्जत गेली ती नेमकी त्याच धड्यात, ती पण उत्तर बरोबर असताना.

झालं असं की वरच्या कोयना धरणाचे दरवाजे उचललेत. आता सांगलीत हे कळलं की निम्मं गाव पुलावर पाणी बघायला जातं, कामधंदा टाकून. पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका हे इथल्या दुसरीतल्या पोराला पण पाठ असतं, पाढे नसले तरी. आणि २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलेलं ज्यांनी बघितलंय त्यांच्या पोटात ऑगस्टात नुसतं ढग बघून गोळा येतो, त्यात मी पण आलो. तर काल पाणी इशाऱ्याच्या बरंच खाली होतं, मी निवांत चहा घेत होतो, आणि शेजारी आण्णा उभे होते.

आण्णा म्हणजे पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत घडी केलेला पेपर. माझी काही ओळख नाही. पण गाड्यावरचे सगळे ते बोलायला लागले की बशी खाली ठेवत होते.

"५० हजार क्युसेक सोडलंय," आण्णा म्हणाले. "धरण १०५ टीएमसीचं. टीएमसी मधला टी म्हणजे थाउजंड. म्हणजे १०५ हजार. भागिले ५० हजार. किती आलं?"

"दोन," चहावाला पोरगा म्हणाला.

"दोन दिवसात धरण रिकामं. सगळं पाणी सांगलीत. सामान वर चढवा."

मी गप्प बसायला पाहिजे होतं असं माझ्या बायकोचं मत आहे. पण मला सांगा, शिकवण्या घेणाऱ्या माणसानं हे ऐकून चहा कसा गिळायचा? मी म्हटलं, "आण्णा, टी झाला, एमसीचं काय? थाउजंड मिलियन क्युबिक फूट असतं ते. एकावर नऊ शून्यं, एक अब्ज घनफूट. आणि तुमचं दोन आलं ते दिवसच कशावरनं? तास का नाही, महिने का नाही?"

आण्णा माझ्याकडं वरून खालपर्यंत बघत म्हणाले, "आपण कोण?"

"फिजिक्सचे क्लास घेतो."

"मग करून दाखवा की."

खारीच्या पुड्याचा कागद मिळाला. पेन आण्णांचंच, तेवढा मोठेपणा त्यांच्याकडं होता. मी शिकवतो तसंच, एकेक पायरी. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट. ५० हजार म्हणजे ५ गुणिले १० चा चौथा घात. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे ८.६४ गुणिले १० चा चौथा घात. पुढचे आकडे गुणायचे, ५ गुणिले ८.६४ म्हणजे ४३.२, आणि घातांची नुसती बेरीज, चार आणि चार आठ. ४३.२ चं ४.३२ केलं की आठाचा नऊ होतो, आणि १० चा नववा घात म्हणजेच एक टीएमसी. दिवसाला ४.३२ टीएमसी. इतकं सुबक गणित परीक्षेत पण येत नाही हो! १०५.२५ ला भागलं की साधारण चोवीस दिवस, ते पण धरणात वरून थेंबभर पाणी आलं नाही तर.

आण्णांनी कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"हे १०४ कशाला लिवलंय?"

"१०४ नाही आण्णा. १० आहे, आणि वर बारका ४. चौथा घात."

"बारका काय आणि मोठा काय, चार तो चारच. दोनदा लिवलंय बघा, १०४ आणि १०४." कागद गाड्यावरच्या सगळ्यांना फिरवून दाखवला. "आणि धरण कितीचं?"

"१०५!" लोकं.

"मग एक टीएमसी कुठं गेलं, सर?"

हशा. मी म्हणतोय, आहो, तो घात आहे, किती शून्यं ते सांगतो तो, पण ऐकतंय कोण. मागनं कोणतरी म्हणालं, "पाणी मुरतंय कुठंतरी!" की परत हशा. एक जण मघापासून दर दोन मिनिटांनी "हे सगळं अलमट्टीमुळं" (म्हणजे खाली कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण) एवढंच म्हणत होता, त्यानं पण चान्स साधला, "एक टीएमसी अलमट्टीत गेलं."

मग मी अजून सोपं करायला गेलो. म्हटलं, हे बघा, क्युसेक म्हणजे पगार आणि टीएमसी म्हणजे बँकेतली शिल्लक. पगार महिन्याला किती ते सांगतो, शिल्लक एकूण किती ते सांगते. शिल्लक भागिले पगार असं नुसतं करून चालत नाही, मधे काळ लागतो.

आण्णा शांतपणे म्हणाले, "क्लासवाल्याला पगार असतो?"

इथं मी कागद परत मागायला पाहिजे होता. पण मी उलट बाजूनं गेलो, की समजा खरंच दोन दिवसात धरण रिकामं करायचं ठरवलं तर १०५.२५ गुणिले १० चा नववा घात, भागिले दोन दिवसांचे १,७२,८०० सेकंद, म्हणजे सेकंदाला सहा लाखाच्या वर घनफूट सोडावं लागेल, पन्नास हजार नव्हे, बाराएक पट. आण्णा म्हणाले, "म्हणजे सहा लाख सोडणार आहेत?" आणि गर्दीतनं एक माणूस फोन कानाला लावत बाहेर पडला, "आगं, सहा लाख सोडणार म्हणत्यात, सर सांगत्यात."

शेवटचा प्रयत्न म्हणून म्हटलं, धरणात वरून पण पाणी येतंय, तेव्हा चोवीस दिवसांपेक्षा पण जास्त लागतील. तर आण्णा लगेच, "वरनं पण येतंय ना? मग तर दोन दिवस पण लागत नाहीत."

यावर कुठला घात काढायचा?

आता आण्णांवर तरी किती राग काढणार. टीव्हीवर काल रात्रीच ऐकलं, "५० हजार क्युसेक प्रतिसेकंद वेगाने विसर्ग." क्युसेकच्या पोटात सेकंद आधीच बसलेला असतो, त्यावर अजून एक सेकंद चढवला की अर्थ असा होतो की विसर्ग दर सेकंदाला ५० हजारांनी वाढतोय, म्हणजे मिनिटभरात ३० लाख क्युसेक, जाहिराती संपेपर्यंत महाराष्ट्रच वाहून जाईल. वाचणाऱ्याला हे खटकत नाही, लिहून देणाऱ्याला नाही, बघणाऱ्याला तर नाहीच. आणि ही फुटाची भानगड अजून कशाला ठेवलीय तेच कळत नाही. दशमान पद्धत आणायचं १९५६ ला कायद्यानं ठरलं, १९५७ ला नवे पैसे आले, पेट्रोल लिटरवर, रस्ता किलोमीटरवर, आणि धरण मात्र अजून घनफुटात. घनमीटर असता तर एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, तीन शून्यं लावली की संपलं. घनफुटाला २८.३ नं गुणत बसा.

बसलो गुणत. रात्री झोप येईना म्हणून. ५० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला १४ लाखाच्या वर लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सेकंदाला १४० टँकर! आमच्याच जिल्ह्यात जतकडं उन्हाळ्यात एका टँकरसाठी बायका हंडे घेऊन तासन् तास उभ्या असतात. मग हात थांबेना. दिवसाचे ४.३२ टीएमसी म्हणजे १२ हजार कोटी लिटरच्या वर. सरकारच्या जलजीवन योजनेच्या हिशेबानं माणशी रोज ५५ लिटर, २०११ च्या जनगणनेत जिल्हा २८ लाखाचा, म्हणजे रोजचे साडेपंधरा कोटी लिटर. एका दिवसाच्या विसर्गात अख्ख्या जिल्ह्याचं दोन वर्षांचं पाणी आपल्या पुलाखालनं जातं, आणि आपण वर उभं राहून त्याचे व्हिडिओ काढतो. सगळं अडवता येत नाही हे मला पण कळतं, पण रात्री दीड वाजता तो आकडा कागदावर बघून डोकं फिरतं ते फिरतंच. बायको म्हणाली, लाईट बंद करा.

आज दुपारी फॅमिली ग्रुपवर मेसेज आला. 'सावधान! कोयना धरण दोन दिवसांत रिकामे होणार. सांगलीतील तज्ज्ञ सरांनी गणित मांडून दाखवले.' खाली फोटो, खारीचं तूप लागलेला कागद, माझं अक्षर, आणि १०४ ला लाल पेनानं गोल.

पाठोपाठ मिरजेहून मेव्हण्याचा फोन. "दाजी, ते धरणाचं खरं हाय का?"

म्हटलं, "नाही रे. चोवीस दिवस लागतील, ते पण पाऊस थांबला तर."

"पण तज्ज्ञ तर दोन म्हणत्यात."

"अरे तो तज्ज्ञ मीच आहे."

पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "मग गाडी कुठं लावू, ते सांगा."