राष्ट्रपतींची शपथ त्याच हॉलमध्ये व्हावी

माझ्या घरापासून कॅपिटल, म्हणजे अमेरिकेचं संसद भवन, मेट्रोने पाऊण तासावर आहे. जळगावहून कुणी आलं की त्यांना मी आधी तिथेच नेते. परवा भावाशी फोनवर बोलताना दिल्लीच्या जुन्या संसद भवनाचा विषय निघाला. तो म्हणाला, "ताई, ती इंग्रजांची इमारत. आता आपली नवीन झाली ना? राष्ट्रपतींची पुढची शपथही तिथेच होऊ दे."

मला हे पटत नाही.

कॅपिटलचा भूतकाळ तरी कुठे निर्मळ आहे? १७९३ मध्ये वॉशिंग्टन यांनी पायाचा दगड बसवला, पण दगड फोडायला आणि वाहायला गुलाम राबले. १८१४ मध्ये ब्रिटिश फौजेने ते जाळलं. १८६१ मध्ये लिंकन यांनी शपथ घेतली तेव्हा घुमट अर्धाच उभा होता; १८६५ मध्ये त्यांनी पुन्हा शपथ घेतली तोवर तो पुरा झाला होता. मधली चार वर्षं यादवीची. घुमटावरच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या ओतकामात फिलिप रीड हा गुलाम होता. डिसेंबर १८६३ मध्ये पुतळा वर चढला तेव्हा रीड स्वतंत्र झालेला होता. पाहुण्यांना हे सांगताना दरवेळी माझा आवाज जड होतो.

६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांचा जमाव आत घुसला. आम्ही दिवसभर टीव्हीसमोरून हललो नाही. चौदा दिवसांनी बायडेन यांनी शपथ घेतली ती तिथेच, पश्चिमेच्या बाजूला. २०२५ मध्ये थंडीमुळे ट्रम्प यांची शपथ आत, घुमटाखाली झाली. जागा थोडी सरकली, वास्तू तीच राहिली.

भावाचं एक म्हणणं मी मान्य करते. खासदारांना बसायला जागा अपुरी होती, नवीन सभागृह हवंच होतं. रोजचं कामकाज तिथे चालावं. पण राष्ट्रपतींची शपथ हे रोजचं कामकाज नव्हे. जुन्या संसद भवनातला सेंट्रल हॉल बांधला इंग्रजांनी, पण ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा बसली तिथे आणि बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण केलं तेही तिथेच. आपल्या राष्ट्रपतींच्या शपथेत संविधान जपण्याचं, राखण्याचं वचन असतं, जवळजवळ अमेरिकेच्या शपथेसारख्याच शब्दांत. ते संविधान जिथे घडलं त्या छताखाली हे वचन द्यायला इंग्रजांच्या विटा कशा आड येतात?

२५ जुलै २००७ आठवतो. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. शपथ दिली सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांनी, त्या पदावर पोहोचलेले पहिले दलित न्यायाधीश. आईने टीव्हीसमोर उभं राहून हात जोडले होते. एक बाई आणि एक दलित सरन्यायाधीश, संविधान घडलं त्या हॉलमध्ये समोरासमोर. हा क्षण कोणत्या इंग्रजाने कल्पिला असेल?

जुन्या भवनाला आता संविधान सदन म्हणतात. नाव चांगलं आहे, तिथे संविधान दिनही साजरा होतो. द्रौपदी मुर्मू यांची शपथ २०२२ मध्ये तिथेच झाली आणि त्यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. १८ जानेवारी १९२७ ला उघडलेल्या या वास्तूची त्याच वर्षी शंभरी भरते. पुढच्या राष्ट्रपतींनी तिथेच उभं राहून शपथ घ्यावी, एवढंच मी भावाला पुन्हा पुन्हा सांगते आहे.