‘समुद्रावरून जायचं तर चार इंजिनांचंच विमान’: या मेसेजमधलं काय खोटं आहे

मुलांकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत असतो: “समुद्र ओलांडायचा तर चार इंजिनांचंच विमान घ्या. चार म्हणजे दुप्पट सुरक्षित. दोनवाल्याचं एक बंद पडलं की ते कोसळतं. कंपन्यांनी पैशासाठी सुरक्षितता कापली.” एअर इंडिया अमेरिकेच्या मार्गांवर वापरते ते बोइंग 777 दोन इंजिनांचंच, त्यामुळे ही भीती थेट आपल्या घरात शिरते.

“एक बंद पडलं की कोसळतं.” साफ चूक. टेकऑफ घेताना, थांबायला धावपट्टी उरत नाही अशा वेगाला एक इंजिन गेलं, तरी उरलेल्या एकावर विमान चढलंच पाहिजे. हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला प्रमाणपत्रच मिळत नाही. म्हणून तर 777-300ईआरच्या एकेका इंजिनाचा जोर 1,15,000 पौंड असतो. चार इंजिनांच्या बोइंग 747-400चं एकेक सुमारे 60,000 पौंडांचं. मार्च 2003 मध्ये ऑकलंडहून लॉस एंजेलिसला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या 777चं एक इंजिन पॅसिफिकवर बंद करावं लागलं. जवळजवळ तीन तास एकाच इंजिनावर उडून ते हवाईतल्या कोना इथे सुखरूप उतरलं.

तो वेळही आधीच हिशोबात धरलेला असतो. एका इंजिनावर किती मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे, याची मर्यादा ‘ईटॉप्स’ नियम ठरवतात. अमेरिकेत 1953 पासून ती 60 मिनिटं होती. 1985 मध्ये 120 झाली, 1988 मध्ये 180. आज एअरबसच्या ए350-900ला 370 मिनिटांपर्यंत मुभा आहे. ती देताना इंजिनं बंद पडण्याचं प्रमाण, देखभाल, सामानाच्या कप्प्यातली आग किती वेळ आटोक्यात ठेवता येते, सगळं तपासतात.

“चार म्हणजे दुप्पट सुरक्षित.” इंजिनं जास्त, तितकी एखादं बिघडण्याची शक्यताही जास्त. शिवाय कारण सगळ्यांना एकच असेल, तर संख्या उपयोगाची नाही. 24 जून 1982 रोजी जावाजवळ ज्वालामुखीच्या राखेनं ब्रिटिश एअरवेजच्या 747ची चारही इंजिनं बंद पडली. खाली येताना ती पुन्हा सुरू झाली, म्हणून जकार्ता गाठता आलं.

अहमदाबादच्या अपघाताचा दाखला तर देऊच नये. प्राथमिक अहवालानुसार 12 जून 2025 रोजी उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तुटला. तरंगत उतरायला उंचीच नव्हती. उंची असेल तर काय होतं, ते 2001 मध्ये दिसलं: इंधन संपलेलं एअर ट्रान्सॅटचं ए330 अटलांटिकवर तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं आणि सगळे 306 जण वाचले.

पैशाचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. चार इंजिनांना इंधन आणि देखभालीचा खर्च जास्त लागतो, म्हणूनच ए380चं उत्पादन 2021 मध्ये थांबलं आणि शेवटचं 747 जानेवारी 2023 मध्ये ग्राहकाच्या ताब्यात दिलं गेलं. पण दोन इंजिनांना समुद्र खुला झाला तो त्याच्या कितीतरी आधी, आणि जेट इंजिनांची विश्वासार्हता आकड्यांनी सिद्ध झाल्यावरच.