भर नवतप्यात पायी शेगाव: करायचं तर असं करा

शहाणी माणसं माघात पायी जातात. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात पहिल्यांदा दिसले, म्हणून प्रकटदिन नेमका चालायच्या हवेत येतो. सकाळी अंगावर शाल, धुऱ्याला हरभरा, गावोगावी चहा. पण त्या गर्दीत तुमचा फोटो कोण पाहणार? तुम्ही मे महिन्याची पंचवीस तारीख धरा. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागलेला असतो, अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेलेला असतो आणि रस्त्यावर तुमच्याशिवाय कुत्रंही नसतं.

आधी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढा. नाव ‘माऊली पदयात्रा २’ ठेवा, कारण पहिला ग्रुप टी-शर्टच्या रंगावरून फुटलेला असतो. टोपी भगवी की पांढरी, यावर निदान दोन आठवडे तरी द्या. मुक्काम कुठे, हे मात्र कोणी विचारलं तर “पाहून घेऊ ना बे” म्हणा. २०२२ च्या जूनमध्ये आपल्याच अमरावती-अकोला पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. तेवढ्या वेळात तुमच्या ग्रुपवर फक्त अंगठे आले होते. पण घाईत काम बिघडते भाऊ.

निघताना आजीच्या पाया पडा. ती पदराची गाठ सोडून अकरा रुपये देईल, “पेटीत टाकजो माया नावानं” म्हणेल आणि खिशात कांदाही कोंबेल. कांदा कोपऱ्यावर फेकून द्या. उन्हाळ्यात कांदा बाळगणं गावंढळ दिसतं. डोक्याला दुपट्टा नको, कारण केस बिघडतात. बूट मात्र नवे कोरे हवेत, आदल्या संध्याकाळी घेतलेले. पहिला फोड बोरगाव मंजूच्या आधीच येतो, त्यामुळे पुढचे तीन दिवस बोलायला विषय राहतो.

जुने वारकरी पहाटे तीनला उठतात, दहाच्या आत एखाद्या देवळात पाठ टेकतात आणि ऊन उतरलं की पुन्हा वाट धरतात. तुम्ही मूर्तिजापूरहून आरामात नऊला निघा. आधी पोहे, मग तर्री, मग “झेंडा कोणाजवळ आहे?” चौपदरी रस्त्यावर निंबाची सावली कुठे दिसलीच, तर ती आधीच म्हशींनी घेतलेली असते. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचं नियोजन तुमच्यापेक्षा चांगलं असतं.

पाण्याचं ओझं कशाला? अकोलीच्या शिवारात भर उन्हात भास्कर पाटलानं महाराजांना पाणी नाकारलं, तर कोरड्या विहिरीला पाणी लागलं, ही कथा तुम्हाला पाठ आहे. तुमच्यासाठीही लागेल. नाहीच लागलं तर मागून पिकअप येतेच. पदयात्रेला पिकअप हवीच. ती सामानासाठी आहे, असं सगळ्यांना सांगा. कुरणखेडपर्यंत तिच्यात सामान असतं, अकोल्यापर्यंत सामान आणि तिघंजण, आणि अकोल्यानंतर चालणारा एकच उरतो. तोही चालतो का, तर त्याला मागे बसायला जागा मिळाली नाही म्हणून. गाव आलं की सगळ्यांनी उतरायचं, झेंडा वर करायचा आणि ‘गण गण गणात बोते’चा एवढा गजर करायचा की पाणपोईवरच्या बाईनं “किती दुरून आले बापा!” म्हणत गडवा पुढे करावा. तिथे लाजू नका. पायाकडे पाहून नुसतं कण्हा.

रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपताना मोबाइल चार्जिंगचं बटण एकच असतं. भक्तीची खरी परीक्षा तिथे होते. मागल्या वेळी आमच्यातल्या दोघांनी त्यावरून वर्षभर बोलणं सोडलं. दोघेही दिवसभर एकाच टाळावर अभंग म्हणत होते.

चौथ्या दिवशी शेगावच्या वेशीआधी दीड किलोमीटरवर पिकअप थांबवा. शर्टावर थोडी धूळ उडवून घ्या. दर्शनबारी लांब दिसली, तर चार दिवस ‘चालून’ आलेल्या माणसानं उभं तरी किती राहायचं? मुखदर्शनाची रांग धरा, हात जोडा, बाहेर या आणि कचोरी खा.

घरी पोचल्यावर आजी दारातच विचारेल, “टाकले का रे पैसे?” हो म्हणा. ते अकरा रुपये गायगावच्या रसवंतीवर गेले, पण अर्ध्या ग्लासाच्या वेळी तुम्ही तिचं नाव घेतलं होतं.