उलुसं वरण

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा परत तेच सुरू झालं. बाहेरचे लोक फार वाढलेत, मराठी येत नाही, छठच्या वेळी पार्किंगमध्ये गर्दी करतात वगैरे वगैरे. लिहिणारे तिघं, एक जळगावचे, एक सोलापूरचे आणि एक साताऱ्याचे. ॲडमिन मी, लातूरचा. पेठेतला पुणेकर आमच्या ग्रुपवर औषधालाही नाही 😄

2005 ला मी नवी पेठेत कॉट बेसिसवर राहायला आलो. मेसमध्ये पहिल्याच दिवशी "मावशी, उलुसं वरण वाढा" म्हणलो आणि अख्खं टेबल हसायला लागलं. उलुसं म्हणजे थोडंसं, आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी कळतं. पण पुढं महिनाभर माझं नावच उलुसं पडलं, "काय करायलास" म्हणलं की कुणीतरी नक्कल करणारच, मग मी बोलणंच कमी केलं आणि घरी फोन लावायचा तर गच्चीवर जाऊन लावायचो. मराठी माणूस, मराठी शहरात, बरं का.

मेसच्या मावशी लहान असताना 1961 च्या पानशेतच्या पुरात त्यांचं घर गेलेलं, मग गोखलेनगरात वाढलेल्या. एक दिवस वाढता वाढता म्हणल्या, "उलुसं देऊ का रे अजून?" चेहऱ्यावर हसू नाही काही नाही, हातात पळी तशीच. त्या दिवशी चार पोळ्या जास्त खाल्ल्या मी.

बाहेरचा कोण हे काढायला बसलो तर बाळाजी विश्वनाथांपासून सुरुवात करावी लागेल, ते श्रीवर्धनचे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा पिंपरी कॅम्प, आज तिथंच जाऊन आपण लग्नाचे बस्ते बांधतो. असो, इतिहासानं ग्रुपवर कुणाचं मत बदलत नाही, ट्राय करून झालंय.

मराठी यायला पाहिजे का? पाहिजेच, त्यात मी मागं हटणार नाही. पण ती शिकायची कुणाकडून? समोरचा जरा अडखळला की आपणच "क्या चाहिए भैया" वर उतरतो, रिक्षात, भाजीवाल्याकडं, वॉचमनशी, सगळीकडं. दहा वर्षं माणसाशी हिंदीत बोलायचं आणि अकराव्या वर्षी विचारायचं, इतकी वर्षं राहता, मराठी कसं येत नाही? कमाल आहे आपली.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये समस्तीपूरचं कुटुंब आहे. पहिल्या वर्षी छठ झाल्यावर वहिनी स्टीलच्या डब्यात ठेकुआ घेऊन आल्या, दारातच उभ्या, आत या म्हणलं तरी येईनात. आईनं एक तुकडा तोंडात टाकला, "शंकरपाळ्यावाणी लागायलंय की गं!" डबा रिकामा कसा परत द्यायचा म्हणून दिवाळीच्या उरलेल्या चकल्या भरून दिल्या. आईला हिंदीचा एक शब्द येत नाही, त्यामुळं बिचारीचा नाइलाज, ती मराठीतच बोलणार. वहिनींचा तिसरीतला मुलगा शाळेतून आला की आमच्याकडंच पडून असतो, आई त्याला भाकरी-दूध कुस्करून देते आणि दिवसभर काहीबाही सांगत बसते.

गेल्या आठवड्यात पॅरेंट्स मीटिंग झाली. बाईंनी वहिनींना विचारलं म्हणे, "तुमचं माहेर लातूरकडचं का हो? हा वर्गात सगळ्यांना 'काय करायलास' विचारत फिरतो."