काकू टॅक्स भरते

मागच्या आठवड्यात बार्शीहून काकूचा फोन आला. पाऊस, तूर, गुडघे असं सगळं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून तिने विचारलं, "अगं, आम्ही तुमच्या जिवावर खातोय का गं?" मला आधी कळेचना ही कशाबद्दल बोलतेय. मग उलगडा झाला. घरच्या ग्रुपवर माझ्या चुलतभावाने एक मेसेज टाकला होता. काकूही त्याच ग्रुपवर आहे, आणि तिने तो दोनदा वाचला होता.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्याचा सारांश असा: महाराष्ट्र देशातलं सर्वांत कर्जबाजारी राज्य झालंय, डोक्यावर ९ लाख कोटींचं कर्ज आहे. टॅक्स आपण नोकरदार भरतो आणि एक पैसाही न भरणाऱ्या बायकांना सरकार तो 'लाडकी बहीण'मधून वाटतं. सगळा पैसा तिथे आणि सरकारी पगारांत जिरतो, म्हणून दवाखान्यांना उरत नाही. गुजरात, कर्नाटक, तमिळनाडू मात्र पै न पै विकासावर लावतात. आणि शेवटी, आपण दिल्लीला १०० रुपये देतो, परत येतात ७, बाकी यूपी-बिहार खातात.

मी ज्युनिअर कॉलेजात बुक-कीपिंग शिकवते. असा ताळेबंद अकरावीच्या मुलाने मांडला असता तर मी त्याला वही घेऊन परत बोलावलं असतं.

काकूला लागलं तेच आधी घेते. 'एक पैसाही न भरणाऱ्या बायका'.

पगारातून जो कापला जातो तो प्राप्तिकर. तो केंद्राचा कर आहे. राज्याच्या तिजोरीत तो थेट येत नाही. केंद्राकडे जमलेल्या वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के सगळ्या राज्यांत वाटले जातात आणि हे वाटप ठरवणाऱ्या वित्त आयोगाने, म्हणजे पंधराव्याने, २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठरवला. गुणाकार करा. वाटपयोग्य करांतल्या १०० रुपयांमागे महाराष्ट्राला २ रुपये ५९ पैसे. भावाच्या पगारातून कापलेल्या शंभरातले एवढेच त्या वाटेने मुंबईत पोचतात, आणि अधिभार-उपकराचा (सरचार्ज-सेसचा) भाग तर या वाटपात धरलेलाच नसतो.

मग राज्य चालतं कशावर? बहुतांशी स्वतःच्या करांवर. राज्याचा जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क, विजेवरचा कर, गाड्यांवरचा कर. यातला एकही कर पगाराची स्लिप विचारत नाही. वस्तू विकत घेणारा प्रत्येक जण तो भरतो.

काकूचाच हिशेब मांडते. तिच्या मोबाइलचा २९९ रुपयांचा रिचार्ज घ्या. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९९ मधले साधारण ४६ रुपये कराचे, आणि त्यातले निम्मे राज्याचे. तिचा मुलगा मोटारसायकलमध्ये पेट्रोल टाकतो, त्यावर राज्याचा २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. तीन वर्षांपूर्वी घराला दोन खोल्या काढल्या तेव्हा सिमेंटवर २८ टक्के जीएसटी होता. तो १८ वर आला २२ सप्टेंबर २०२५ ला, काकूच्या खोल्या बांधून झाल्यावर. साबण, चहा पावडर, गोडेतेल, औषधं हे तर रोजचंच.

आणि शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी शहरात कोणी बोलत नाही. दुकानदार मालावर भरलेला जीएसटी पुढच्या विक्रीत वजा करून घेतो. शेतकऱ्याला ते जमत नाही. त्याची बाजारात जाणारी ज्वारी-तूर करमुक्त, म्हणून वजावटीचा प्रश्नच येत नाही. पण त्याने घेतलेल्या खतावर ५ टक्के आणि रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के कर लागतो, तो त्याच्या माथी कायमचा बसतो. काकूच्या दोन एकरांवरची प्रत्येक फवारणी सरकारला कर देऊन होते. तिला 'फुकट खाणारी' म्हणायला जीभ रेटते कशी, हेच मला समजत नाही.

बरं, एकाच्या करातून दुसऱ्याला द्यायचं हेही महाराष्ट्रात काल सुरू झालेलं नाही. ७२ च्या दुष्काळात राज्याने रोजगार हमीची कामं काढली. काकूच्या आईने त्या कामावर खडी फोडली आहे. त्या योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. आजही पगाराच्या स्लिपवर 'पीटी' म्हणून जास्तीत जास्त वर्षाला अडीच हजार कापले जातात, ते त्याचे. शहरातल्या पगारदारांनी खेड्यातल्या मजुराचं काम चालवावं, असा तो सरळ व्यवहार होता. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तो हाच नमुना समोर ठेवून.

आता कर्ज. ९ लाख कोटी हा आकडा खरा आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ९ लाख ३२ हजार कोटींचा अंदाज दिलाय. पण 'सर्वांत कर्जबाजारी' हे साफ खोटं आहे. कर्ज कमाईशी ताडून बघायचं असतं. वीस हजार पगारावर दोन लाखांचं कर्ज आणि दोन लाख पगारावर पाच लाखांचं, यात जास्त अडचणीत कोण?

कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्या राज्यांच्या दहा वर्षांच्या जमाखर्चाचा आढावा प्रसिद्ध केला. सगळी राज्यं एका मापाने मोजलेली, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. त्यात २०२२-२३ अखेर पंजाबचं सार्वजनिक कर्ज राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या ४०.३५ टक्के, नागालँडचं ३७.१५, पश्चिम बंगालचं ३३.७०. सगळ्यांत कमी ओडिशाचं, ८.४५. आणि दुसऱ्या क्रमांकावर सर्वांत कमी महाराष्ट्राचं, १४.६४ टक्के. ज्या गुजरातचं उदाहरण मेसेजात दिलंय ते १६.३७ वर आहे. राज्याच्या अर्थसंकल्पातल्या हिशेबाने २०२५-२६ साठी हे प्रमाण १८.८७ टक्के येतं. वाढतंय हे नक्की, आणि त्यावर लक्ष ठेवायलाच हवं. पण यादीच्या खालच्या टोकाला असलेलं राज्य उचलून वरच्या टोकाला ठेवायचं, याला चूक म्हणत नाहीत.

त्याच आढाव्यात आणखी एक आकडा आहे. आपल्या महसुलातला ७३ टक्के महाराष्ट्र स्वतः उभा करतो. हरियाणा ८० आणि तेलंगण ७९, ही दोन राज्यं पुढे. अरुणाचल ९ टक्क्यांवर. आपलं राज्य कोणाच्या भरवशावर चाललेलं नाही.

'सगळा पैसा लाडक्या बहिणींना' याला फार वेळ देत नाही. २०२५-२६ मध्ये योजनेला ३६ हजार कोटी, एकूण खर्च ७ लाख कोटी. शंभरातले पाच. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून महसुलाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग जातो, आणि त्या 'सरकारी पगारा'त जिल्हा परिषदेचे गुरुजी, आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सताई आणि बंदोबस्तावरचे पोलीसही येतात.

मात्र इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागते, जड मनाने. योजना २०२४ च्या जूनअखेर जाहीर झाली, नोव्हेंबरात निवडणूक होती, आणि मधल्या घाईत अर्ज नीट तपासले गेले नाहीत. वर्षभराने सव्वीस लाखांहून जास्त अपात्र नावं निघाली, त्यात १४ हजारांहून अधिक पुरुष. २०२२-२३ मध्ये जेमतेम १,९३६ कोटी असलेली महसुली तूट, म्हणजे चालू खर्चाला कमाई अपुरी पडते ती रक्कम, २०२५-२६ च्या अंदाजात ४५,८९१ कोटींवर गेली. एवढी तूट असताना ३६ हजार कोटी लहान नाहीत. आणि मे २०२५ मध्ये या योजनेसाठी आदिवासी विकासचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्यायचे ४१० कोटी ३० लाख वळवले, तेव्हा सामाजिक न्याय खात्याच्या तेव्हाच्या मंत्र्यांनी, संजय शिरसाट यांनी, स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली. हा पैसा आश्रमशाळेतल्या, वसतिगृहातल्या मुलांचा. राग धरायचाच तर इथे धरा. पैसा वळवण्याचा निर्णय काकूने घेतलेला नाही.

दवाखान्यांचंही तसंच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितलं होतं की २०२० पर्यंत अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करा. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे आणि लाडकी बहीण येण्याच्या आधीही होता.

'बाकीची राज्यं असं वाटत नाहीत' म्हणे. कर्नाटक ऑगस्ट २०२३ पासून घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला २,००० देतं, तमिळनाडू सप्टेंबर २०२३ पासून १,००० देतं, एक कोटीहून अधिक बायकांना. या दोन्ही राज्यांनी आपल्या आधी सुरुवात केली.

राहिला तो ७ रुपयांचा मुद्दा. आपल्याला कमी मिळतं हे अर्धं खरं आहे. पंधराव्या आयोगात उत्तर प्रदेशचा वाटा १७.९३९ टक्के होता, बिहारचा १०.०५८, आपला ६.३१७. पण 'महाराष्ट्राने दिलेले १०० रुपये' म्हणजे काय? एलआयसी आणि स्टेट बँक यांची मुख्यालयं मुंबईत, म्हणून त्यांच्या नफ्यावरचा कर मुंबईच्या नावावर जमा होतो. हप्ता पाटण्यातल्या माणसानेही भरलेला असतो. कर कुठे जमा झाला आणि कुठून आला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय चौदाव्या आयोगात आपला वाटा ५.५२१ होता, पंधराव्यात वाढला. कर्नाटकचा ४.७१३ वरून ३.६४७ वर आला. तेव्हा तक्रार त्यांची मोठी होती. आणि दरडोई उत्पन्न कमी त्याला जास्त, हा नियम नको असेल तर मुंबई-पुण्याच्या कराचा पैसा गडचिरोलीला, नंदुरबारला आणि आमच्या बार्शीच्या रस्त्यालाही जायला नको.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "अगं ताई, मी कुठे लिहिलंय? आलं ते पुढे पाठवलं." ठीक आहे. मग हेही पुढे पाठव. त्याच ग्रुपवर, काकू आहे तिथेच.