दुश्मनाचा स्ट्रायकर घ्यावा का? परभणीहून फुकट सल्ला

भावा, सगळ्यात आधी एक पथ्य पाळ. इंग्लंडच्या फुटबॉलमधे दुश्मन क्लबच्या ज्या स्ट्रायकरला, म्हणजे गोल मारणाऱ्या गड्याला, तू मागच्या रविवारपर्यंत रडका, डायव्हर (मुद्दाम पडणारा), पेनल्टीखाऊ म्हणत होतास तो आपल्या क्लबमधे येणार अशी बातमी आली की लगेच पलटी मारू नको. निदान टपरीवर चहा येईस्तोवर थांब. मग पहिला घोट घेऊन म्हणायचं, "तसा वाईट नाही रे तो, मी तर आधीपासनंच म्हणायलो."

आता वाद घालायचा तर पुरावा लागतो, अन् आपल्या मँचेस्टर युनायटेडवाल्यांचं नशीब असं की दोन्ही बाजूचा माल एकाच दुकानातनं आलाय. घ्यायचाच म्हणायचं असंल तर व्हॅन पर्सी काढ. 2012 ला आर्सेनल क्लबकडनं आणला, वय 29, 24 मिलियन पौंड, पहिल्याच सीझनला लीगमधे 26 गोल, अन् ॲस्टन व्हिलाविरुद्ध हॅटट्रिक मारून विसावं लीग टायटल मिळवून दिलं. नको म्हणायचं असंल तर सांचेझ काढ. तो बी आर्सेनलचाच, तो बी 29 चाच, जानेवारी 2018 ला व्हिडिओत पियानो वाजवत आला अन् 45 मॅचमधे 5 गोल करून, म्हणजे आपलीच वाजवून, गेला. यातला कोणता काढायचा ते समोरचा काय बोलायलाय त्यावर ठरव. स्वतःचं मत बाळगू नको, लै अडचण होते.

वयावर कुणी बोललं तर हळीच्या बैलबाजारातला व्यापारी आठव. तिथं बैलाचे दात बघतेत, चालवून बघतेत, रुमालाखाली बोटं दाबून भाव करतेत, अन् एवढं करून बी घरी आल्यावर बैल बसतोच कधीकधी. चेल्सीनं 2011 ला लिव्हरपूलच्या टोरेसचे 50 मिलियन मोजले, त्या सीझनला चेल्सीसाठी गोल किती? एक. पण हे तू घ्यायच्या बाजूनं असशील तर बोलायचं नाही, आपलं ठरलंय ना.

पैशाचं तर टेन्शनच घेऊ नको. सकाळी मोंढ्यात आडत्यानं सोयाबीनमधे ओल दाखवून क्विंटलमागं शंभर कापले म्हणून बाप दिवसभर धुसफुसायलाय, अन् तू तिकडं "ऐंशी मिलियन? देऊन टाका ना राव" म्हण. एकदम सढळ हातानं.

टपरीवर एखादा आर्सेनलवाला असतोच. तो लै शहाणपणा करायला लागला की सुआरेझचं नाव घे. 2013 ला यांनी लिव्हरपूलला त्याच्यासाठी 40 मिलियन अन् वर एक पौंड अशी बोली लावली. लग्नात आहेराच्या पाकिटाला एक रुपया चिकटवतेत ना, सेम तसं! लिव्हरपूलनं पाकीट परत केलं अन् गड्यानं त्या सीझनला त्यांच्यासाठीच लीगमधे 31 गोल मारले.

उन्हाळ्यातल्या विंडोच्या, म्हणजे खेळाडू घ्यायच्या-विकायच्या मुदतीच्या, शेवटच्या रात्री मात्र जागायचंच. त्यांचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. मोबाईल चार्ज करून ठेव, लाईट बरोबर अकराला जाते. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतेत, पण जर्मनीत तेव्हा लाईट असते.

अन् डील झालीच तर पाठीवर नाव छापून घेऊ नको भावा, नुसता नंबर छाप. मी सांचेझ छापला होता, स्टँडजवळच्या दुकानात, तीनशेची जर्सी अन् छपाईचे वेगळे. नंतर त्याचा सात नंबर कवानीला गेला, मग रोनाल्डोला, म्हणून मी नावावर गरम इस्त्री फिरवून ते सोलून काढायला गेलो तर नाव तसंच अन् कापडाला भोक. आता आई त्यानं कूलर पुसती, अन् 'झ' तेवढा अजून दिसतो.